खाली येणारं इंग्रजी

परदेशी सिनेमातली माणसं जेवताना बोलत का नाहीत, हा प्रश्न मला तीस वर्षं छळतो आहे. भलंमोठं टेबल, त्यावर एक पाव, एक वाडगं सूप, समोरासमोर नवरा आणि बायको, आणि चमच्याचा आवाज. चार मिनिटं नुसता चमचा. आमच्या घरी जेवताना कोणी चार मिनिटं गप्प बसलं असतं, तर आईनं अंगात कणकण आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला असता. दुसरी माझी तक्रार खिडकीबद्दल आहे. या सिनेमांतल्या बायका खिडकीपाशी उभ्या राहून बाहेर बघतात. बघू देत, पण चुलीवर काही ठेवलेलं नसतं का? दूध उतू जात नाही का? तिसरी तक्रार शेवटाबद्दल, आणि ती सगळ्यात मोठी. दोन तास आपण जीव मुठीत धरून बसायचं, आणि आता काहीतरी होणार असं वाटलं की पडदा काळा. दिवे लागतात आणि शेजारचा दाढीवाला माणूस समाधानानं मान हलवतो, जणू त्याला सगळं आधीच माहीत होतं.

पुण्यात दरवर्षी मोठा चित्रपट महोत्सव भरतो. मी अजून तिथं जाते, गुडघे कुरकुरत असले तरी रांगेत उभी राहते, आणि दर वेळी चिडून घरी येते. मुलगा म्हणतो, आई, एवढा त्रास होतो तर जातेस कशाला? त्याला काय सांगणार. ज्यांच्यावर आपण चिडत नाही त्यांच्याशी आपला संबंधच कितीसा असतो? माझं इंग्रजी, माझी नोकरी, माझं पुण्यातलं घर, हे सगळं मला अशाच संथ, मुखदुर्बळ, वैताग आणणाऱ्या सिनेमांनी दिलं. म्हणून त्यांच्यावर चिडण्याचा हक्क मी कमावलेला आहे असं मी मानते.

आमचं घर मंचरजवळ, महाळुंगे पडवळला. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, लहानपणी त्यांच्यामागं घोडनदीच्या काठानं फिरलेले. पुढं मेंढरं गेली, शेती राहिली, बटाटा आणि कांदा. आप्पांना अक्षरओळख सही करण्यापुरती. पण शाळेबद्दल त्यांच्या मनात जे होतं ते आमच्या देवघरातल्या खंडोबाबद्दलही नसावं. मी दहावी झाले तेव्हा त्यांनी माझी गुणपत्रिका मंचरच्या बाजारात आडतदारापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली. परत आली तेव्हा तिला कांद्याचा वास येत होता. अजून येतो, किंवा मला तसं वाटतं.

टीव्ही आमच्याकडे काळा-पांढरा, पुढच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली. अँटेना पत्र्यावर. वारा सुटला की ती मान फिरवायची आणि आई विळी बाजूला ठेवून शिडीवर चढायची. मी खालून ओरडायचे, थोडं इकडं, थोडं तिकडं, आता आलं, आता गेलं. रविवारी दुपारी मूकबधिरांच्या बातम्या व्हायच्या आणि त्यानंतर कुठल्या तरी दुसऱ्या प्रांताच्या भाषेतला सिनेमा लागायचा. बंगाली, मल्याळी, आसामी, कधी कधी जिचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं अशी भाषा. खाली इंग्रजी अक्षरांची पट्टी यायची. गावातले सगळे टीव्ही त्या वेळेला बंद होत. पोरं म्हणायची, मुक्यांच्या बातम्या झाल्या, आता मुक्यांचा शिणुमा. आमचा एकटा चालू राहायचा, कारण मी आप्पांना सांगितलं होतं की यानं इंग्रजी सुधारतं.

ही थाप नव्हती. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, तेही मराठीतून शिकवायचे. शब्द मला माहीत असायचे, पण ते कोण कधी वापरतं हे माहीत नसायचं. ते मी त्या पट्टीवरून शिकले. मी वही घेऊन बसायचे आणि दिसेल ते उतरवून घ्यायचे. पट्टी जाईपर्यंत निम्मंच लिहून व्हायचं. त्यामुळे माझी वही म्हणजे अर्धवट वाक्यांचं कोठार होतं. माझा भाऊ कुठे. मी तुला कधीही. आईला सांगू नको की. शिवाय पट्टीची अक्षरं पांढरी, आणि या दिग्दर्शकांना पांढऱ्या गोष्टींची भारी आवड. वाळू, धुकं, विधवेची साडी. महत्त्वाचं वाक्य नेमकं त्या विधवेच्या पदरावर यायचं आणि दिसायचंच नाही. मी हात चोळत बसायचे. असं करणाऱ्या माणसानं एकदा तरी आमच्या घरी येऊन त्या टीव्हीवर आपला सिनेमा बघायला हवा होता.

आई माझ्याशेजारी टीव्हीकडे पाठ करून बसायची. जून-जुलैत बटाट्याचं बेणं कापायचं काम असायचं. प्रत्येक फोडीला डोळा राहिला पाहिजे, नाहीतर ती उगवत नाही, म्हणून नजर विळीवरच. फोड कापायची, राखेत घोळायची, पाटीत टाकायची. ती नुसत्या आवाजावर सिनेमा ऐकायची आणि अधूनमधून अभिप्राय द्यायची. ही बाई लई येळ रडती, पर खरी न्हाई रडत. आता कोण मेलं? कोणीच मेलेलं नसायचं, माणसं नुसती गप्प बसलेली असायची. आप्पा मात्र त्या वेळेला घरात थांबायचे नाहीत. पाच मिनिटं बघायचे, पडद्यावर कोणी तरी चालत असायचं. दहा मिनिटांनी येऊन बघायचे, तो अजून चालतच असायचा. मग ते म्हणायचे, याच्या परीस माझी मेंढरं बरी, आणि निघून जायचे. पण बाहेर पारावर, बाजारात, एसटीत मात्र ते छाती पुढं काढून सांगायचे की आमची मंदा खालचं इंग्रजी वाचून शिणुमा बघती.

मंचरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना इंग्रजीच्या मॅडम आम्हा चौघींना पुण्याला एका फिल्म सोसायटीत घेऊन गेल्या. तिथं मी पहिला परदेशी सिनेमा पाहिला. कुठल्याशा थंड देशातलं एक खेडं, एक म्हातारा, एक गाय. त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला हे मी नीट सांगू शकत नाही. एवढंच सांगते की परतीच्या एसटीत मी राजगुरुनगर येईपर्यंत बोलले नाही, आणि मॅडमनी मला उलटी होतेय का विचारलं. पण त्याआधी, सिनेमा संपल्यावर, चर्चा झाली होती. झब्बेवाले पाच-सहा पुरुष आळीपाळीनं बोलले. म्हातारा म्हणजे युरोप, गाय म्हणजे इतिहास, असं काहीतरी. मग एकानं माझ्या वेणीकडे आणि स्वेटरकडे बघून मोठ्या मायेनं विचारलं की तुम्ही ग्रामीण भागातून आलात, तुम्हाला काय वाटलं? मी उभी राहिले आणि म्हणाले की सिनेमा खोटा आहे, कारण धार काढण्याआधी वासरू सोडल्याशिवाय गाय पान्हवत नाही, आणि यांनी वासरू दाखवलंच नाही. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, अस्सल प्रतिक्रिया म्हणून एकानं ती लिहूनही घेतली. खूप वर्षांनी मला कळलं की त्यांच्याकडच्या गाईंना वासरू लागत नाही. सिनेमा खरा होता आणि मी चूक होते. त्या खोलीतल्या एकालाही ते सांगता आलं नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाचं लक्ष गाईकडे नव्हतंच. याचा मला माझ्या चुकीपेक्षा जास्त राग येतो.

तेव्हापासून मला पुण्याला जायचं होतं. एम.ए. करायचं, आणि रविवारी ते सिनेमे बघायचे. निकाल लागला, चांगला लागला, मॅडमनी अर्ज आणून दिला. आप्पा नाही म्हणाले नाहीत. पण त्याच सुमाराला मामानं जुन्नरकडचं एक स्थळ आणलं. मुलगा शिक्षक, घरी पाण्याखालची शेती, माणसं तालेवार. स्थळ वाईट नव्हतं, हीच तर अडचण होती. आप्पांनी एके दिवशी मला गोठ्यात बोलावून सरळ सांगितलं. मुलाकडच्यांनी पसंत केलं तर दिवाळीनंतर लग्न, मग पुणं विसरायचं. नाही केलं तर अर्ज भरायचा. अर्जाची शेवटची तारीख मंगळवारी होती आणि पाहुणे रविवारी येणार होते.

मी चार दिवस एकच विचार करत होते. मुलगी बघायला आले की तिला काहीतरी वाचायला लावतात, ही आमच्याकडची रीत. शिकलेली म्हणतात, पण खरंच शिकली आहे का, याची खात्री. वर्तमानपत्र देतात, नाहीतर लग्नपत्रिका. मी ठरवून अडखळले असते तर सुटले असते. बी.ए. झालेल्या मुलीला वाचता येईना म्हणून ते उठून गेले असते. पण मग कांद्याच्या बाजारात गुणपत्रिका फिरवणाऱ्या आप्पांनी तोंड कुठं दाखवायचं? आणि नीट वाचलं, तर पुणं गेलं. मला दोन्ही नको होतं.

पाहुणे बारा वाजता येणार होते. एक वाजला, दीड वाजला. मी साध्या साडीवर आईशेजारी बेणं कापायला बसले, आणि सवयीनं टीव्ही लावला. नदीकाठच्या कुठल्याशा प्रदेशातला सिनेमा होता. एक म्हातारा नावाडी आणि त्याची सून. मुलगा कमवायला परगावी गेला तो बरीच वर्षं परत आलेला नाही. म्हातारा माणसांना नदीपार सोडतो, सून भात शिजवते आणि वाट बघते. मी त्यात बुडून गेले होते, तेवढ्यात दारात जीप थांबली. एकच धांदल उडाली. आईनं पाटी कोपऱ्यात ढकलली, मी मागच्या दारानं साडी बदलायला पळाले. टीव्ही मात्र कोणी बंद केला नाही. पाहुणे आले की टीव्ही बंद करायचा नाही, उलट आवाज वाढवायचा, हा तेव्हा आमच्याकडे पाहुण्यांचा मान समजत.

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा मुलाचे वडील खुर्चीवर बसले होते. मुलगा त्यांच्या शेजारी, मान खाली. मामा दाराशी, आप्पा सतरंजीवर. मला पाटावर बसवलं. नाव, गाव, आजोळ, सगळं विचारून झालं. मामानं वर्तमानपत्र पुढं केलं. आता माझी वेळ आली होती आणि मी अजून काही ठरवलेलं नव्हतं. तेवढ्यात आप्पा, माझे बिचारे आप्पा, अभिमानानं म्हणाले की पेपर काय वाचायचा, आमची मंदा खालचं इंग्रजी वाचून शिणुमा बघती.

मुलाच्या वडिलांनी वर्तमानपत्र घडी करून मांडीखाली ठेवलं.

"मंग तेच बघू की," ते म्हणाले. "पुस्तक काय, पाठ करता येतंय. पोरी, त्ये खाली येतंय त्ये वाच आन आमाला मराठीत सांग."

सगळे टीव्हीकडे वळले. मी पण वळले. पडद्यावर सून भांडी घासत होती.

ती भांडी घासत राहिली. एक भांडं झालं, तिनं दुसरं घेतलं. मग नदी दिसली. मग पुन्हा भांडी. खाली काही येईना. एक कुत्रं आलं, बसलं, उठून गेलं. पाहुण्यांचे पोहे संपत आले. मामा खाकरला. आई आतल्या दारातून बघत होती, तिनं बहुधा आयुष्यात पहिल्यांदा या सिनेमाकडे तोंड केलं होतं. एवढ्या वर्षांत मी शेकडो संथ सिनेमे पाहिले आहेत, जगातल्या नावाजलेल्या दिग्दर्शकांचे पाहिले आहेत, पण त्या भांड्यांइतकं लांबलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

"का गं?" मुलाचे वडील म्हणाले. "येत न्हाई का वाचाया?"

"ते बोलतच नाहीत," मी म्हणाले.

"बोलत न्हाईत? शिणुमा हाय का काय हाय?"

तेवढ्यात म्हातारा आला, त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पट्टी आली. मी घाईघाईनं वाचलं, "पाऊस येणार आहे."

"त्ये आमाला बी दिसतंय," पाहुणे म्हणाले, आणि मामासुद्धा हसला. सून काहीतरी म्हणाली. मी वाचलं, "हो." मग पुन्हा नदी. पाहुण्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर थाप मारली. "पावणं, एवढ्यासाठी बी.ए. केलं व्हय पोरीला? पाऊस येणार हाय, आन व्हय!"

आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सतरंजीचा दोरा ओढत बसले. मला वाटतं त्या क्षणी माझं ठरलं. अडखळायचं नाही. पुणं गेलं तर गेलं.

आणि नशीब बघा, त्यानंतर सिनेमातली माणसं बोलायला लागली. नावेत एक व्यापारी बसला, तो म्हाताऱ्याला सांगत होता की वरच्या अंगाला पूल होतोय, आता तुझी नाव कोण विचारणार. मी भराभर सांगत गेले. इंग्रजी वाचायचं, मनात मराठी करायची आणि पुढची पट्टी यायच्या आत सांगून मोकळं व्हायचं. इतकी वर्षं वहीत अर्धी राहिलेली वाक्यं त्या दुपारी मी पुरी करत होते. वाळूवर एक पट्टी आली ती दिसली नाही, तर मी पुढच्या मागच्यावरून जुळवून सांगितली. कोणाला कळलं नाही. आप्पांनी सतरंजीचा दोरा सोडला. मुलगाही मान वर करून बघायला लागला होता. म्हाताऱ्याच्या पेटीत सुनेला एक जुनी चिठ्ठी सापडली. तिच्या नवऱ्याची. म्हाताऱ्यानं ती कधीतरी कोणाकडून वाचून घेतली होती आणि लपवून ठेवली होती. सुनेला वाचता येत नव्हतं. ती चिठ्ठी पदरात बांधून नदीवर गेली, नावेतल्या एका अनोळखी शाळामास्तराला म्हणाली, एवढं वाचून सांगता का. त्यानं चष्मा पुसला. चिठ्ठी उघडली.

"पास हाय पोरगी," मुलाचे वडील मोठ्यानं म्हणाले. "आता मला सांग, सैपाक कितपत येतो? आमच्यात पंधरा मानसं हायती. बाजरीची भाकरी..."

"जरा गप बसा हो," मी म्हणाले. "चिठ्ठी वाचतायत."

हे मी कशा आवाजात म्हणाले ते मला माहीत आहे. भावंडं दंगा करायची तेव्हा मी त्यांना म्हणायचे, त्याच आवाजात. त्यांच्याकडे मान वळवून. हातसुद्धा वर केला होता, म्हणजे तिथंच थांबा असा.

पुढं माझ्या नातेवाइकांत ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं सांगितली गेली. मंदानं मुद्दाम केलं, पुण्याला जायचं होतं म्हणून पाहुण्यांचा अपमान केला. एकदा महिला दिनाच्या कार्यक्रमात मीही ती तशीच सांगितली आणि टाळ्या घेतल्या. त्याची मला लाज वाटते, म्हणून इथं खरं लिहिते. त्या क्षणी माझ्या डोक्यात पुणं नव्हतं, एम.ए. नव्हतं, लग्न नव्हतं. मला फक्त चिठ्ठीत काय आहे ते हवं होतं. आणि एक माणूस मध्ये बडबडत होता. आजही थिएटरमध्ये कोणी मध्ये बोललं तर मी तशीच वळून बोलते. माझ्यापेक्षा वयानं, मानानं कितीही मोठा असो.

एकदम सगळ्यांनी बोलायला सुरुवात केली. मामा माझ्यावर ओरडला, मग पाहुण्यांची माफी मागायला लागला. मुलाचे वडील शांतपणे उठले, टोपी सारखी केली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही, हे मी त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

"हुशार हाय पोरगी," ते आप्पांना म्हणाले. "पर आमाला सून पायजे. मास्तर घरात एक हाये."

मास्तर म्हणजे त्यांचा मुलगा. तो शेवटी निघाला. उंबऱ्यापाशी थांबून, वडील जीपकडे गेलेत हे बघून, त्यानं मला हळूच विचारलं, "कुठल्या भाषेतला होता?" मी सांगितलं, माहीत नाही, सुरुवात चुकली. त्यानं मान हलवली आणि गेला. तो वाईट माणूस नव्हता. सिनेमाभर एक अक्षर बोलला नव्हता. अशा माणसाबरोबर महोत्सवात शेजारी बसायला मला आवडलं असतं, असं कधी कधी वाटतं. पण पंधरा माणसांच्या भाकरी झाल्यावर महोत्सवाला कोण जाणार होतं?

जीपचा आवाज गेला. मामा त्यांच्याबरोबरच गेला, आमच्याकडे न बघता. आईनं कोपऱ्यातली पाटी ओढली, विळी घेतली आणि बेणं कापायला बसली. कापताना ती डोळे बघत नव्हती. ढोबळ फोडी पाडत होती. मी पाटावरच होते. उठायची सोय नव्हती, कारण उठून कुठं जाणार. आप्पा सतरंजीवर बसलेले. ते आता काय म्हणतील याची मी वाट बघत होते. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता, पण त्यांना चारचौघांत असं कधी कोणी खाली बघायला लावलंही नव्हतं.

सिनेमा अजून चालूच होता. खुर्च्या रिकाम्या, पोह्यांच्या बशा तशाच.

"काय व्हतं चिठ्ठीत?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत होते.

"नाही कळलं," मी म्हणाले. "पट्टी येऊन गेली. मी त्यांना गप करत होते."

"आस्सं," आप्पा म्हणाले. आणि मग, "वाच पुढचं."

मी वाचलं. फारसं काही नव्हतं. म्हातारा सुनेला विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, हो. मी तसंच सांगितलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही. चिठ्ठीबद्दल दोघंही काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीत राख लोटते, दार पुढं करते, एकटीच नावेत बसते आणि वल्हं मारायला लागते. म्हातारा काठावर येतो. तो हाक मारतो. ती वळत नाही. नाव मध्यावर जाते, आणि तिथं संपतं. अक्षरं वर सरकायला लागतात.

ते चिठ्ठीतलं वाक्य मला पुन्हा कधी मिळालं नाही. सिनेमाचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. मी जाणकारांना विचारलं, महोत्सवाच्या आयोजकांना विचारलं, इंटरनेट आल्यावर रात्रीचा दिवस केला. नावाडी, सून, चिठ्ठी म्हटल्यावर लोक मला दहा सिनेमे सांगतात आणि त्यांतला एकही तो नसतो. जगातले इतके सिनेमे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे की चिठ्ठीत काय होतं हे जे सिनेमे सांगत नाहीत, ते भाव खातात. आणि ज्या एका सिनेमानं ते सांगितलं होतं, त्याची पट्टी मीच चुकवली.

"एवढंच?" आप्पा म्हणाले.

"एवढंच."

"आन ती कुठं गेली? नवऱ्याकडं का म्हायेरी? त्या म्हाताऱ्याला कोन जेवाया घालणार?"

"दाखवत नाहीत," मी म्हणाले. "असे सिनेमे पुढचं आपल्यावर सोडतात."

"आपल्यावर?" आप्पा खरंच संतापले. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्या सिनेमावर निघालं असावं. "आपल्याला कामं न्हाईत व्हय? त्यांनी कराया घेतलंय, तर पुरं करावं की. निम्मं काम करून माणूस घरी कसा जातो?"

आई विळीवरून म्हणाली की तुमीच गप बसा आता, लई झालं. आप्पा उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, त्यावर रुमाल टाकला, टोक सारखं केलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना आकडे वाचता येत. मंगळवारच्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं.

"उद्या सकाळी पयली यष्टी कितीला हाय गं पुण्याची?" त्यांनी विचारलं.